खुटलपाड्याची पेटी

"फादर, ही घे. मास्तरनी धाडली," असं म्हणत खुटलपाड्याच्या सुकरीनं डोक्यावरची पेटी व्हरांड्यात टेकवली आणि मी काही विचारायच्या आत पाठ फिरवून चालूसुद्धा लागली.

फेब्रुवारीतली दुपार होती. मिशनघराच्या फाटकासमोर लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक उभा होता आणि त्याची दोन माणसं चाकाच्या सावलीत विड्या ओढत बसली होती. त्यांच्या अंगावरून जाताना सुकरीनं पदर पुढं ओढला आणि पावलं उचलली. हे मला आज आठवतं. त्या दिवशी मला फक्त पेटी दिसत होती, आणि पेटी बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

पेटीचं सांगायला हवं. आमच्या मिशनला डोंगरातले सात पाडे जोडलेले होते. पाड्यावर चर्च कुठलं असणार! कुणाच्या तरी ओट्यावर मिस्सा, म्हणजे आमचा उपासनाविधी, व्हायचा. त्यासाठी लागणारा चषक, तबक, मेणबत्त्या, झगा, सगळं एका सागवानी पेटीत असायचं. एका पाड्यावरची मिस्सा झाली की तिथली माणसं पेटी दोरीनं बांधून पुढच्या पाड्यावर नेऊन पोचवायची. पेटी पोचली म्हणजे त्या गुरुवारी फादर येणार. पाड्यावर पटकीची साथ असली किंवा ओहोळाला पूर आला तर पेटी मिशनघरी परत यायची. परत आली म्हणजे येऊ नका. चिठ्ठी नाही, निरोप नाही. हा रिवाज आमच्याआधीच्या गोव्याच्या फादरांनी घालून दिला होता, आणि मिशनवरचे आम्ही दोघं फादरही तो पाळत होतो.

आता फेब्रुवारीत पूर नव्हता. साथही नव्हती. आणि त्या गुरुवारी खुटलपाड्याला जायची पाळी माझी होती. मग पेटी परत का? मला एकच कारण दिसलं. खुटलपाड्याला मी नको होतो. त्यांना गाब्रू हवा होता.

फादर गाब्रू परेरा. आज ज्याच्या तसबिरीखाली लोक मेणबत्त्या लावतात, तोच. चर्चनं त्याला हुतात्मा ठरवण्यासाठी चौकशी सुरू केली आहे, आणि साऱ्या चौकशीचं घोडं एका प्रश्नावर अडलं होतं: त्या दिवशी पाड्यावर मरण वाट बघतंय हे त्याला ठाऊक होतं का? ठाऊक असून गेला असेल तर हुतात्मा. नसेल तर एक भला माणूस, वाईट वेळी नको त्या वाटेनं गेलेला. उत्तर जगात एकट्या माझ्यापाशी होतं. अडतीस वर्षं मी ते कुणाला दिलं नव्हतं.

गाब्रू आणि मी वसईतल्या एकाच आळीतले. आमची विहीर एक, शाळा एक, पुढं फादर व्हायला शिकलो ती सेमिनरीही एक. मी वर्षानं मोठा. अभ्यासात मी पुढं, लॅटिन माझं चोख, प्रवचन माझं मुद्देसूद. आणि तरी जिथं जावं तिथं लोकांच्या तोंडी गाब्रूच. माझी आई आजारी पडली तेव्हा मी आठ तासांचा प्रवास करून घरी गेलो, तर तिनं डोळे उघडून विचारलं, "इनास, गाब्रू नाही आला?" अशा गोष्टी लहान असतात. पण पोटात राहतात.

मिशनला आम्हाला एकत्र पाठवलं तेव्हा मी बिशपांना हो म्हटलं, आणि मनात नाही म्हटलं. पाड्यांवर मी झालो मोठा फादर, तो धाकला फादर. मोठा फादर म्हणजे हिशोबी, शिस्तीचा, पोरांचे कान पिळणारा. धाकला फादर म्हणजे भाताच्या पेजेला नाही न म्हणणारा, लग्नात तारप्यामागं नाचणारा, गाणी चुकीच्या सुरात म्हणणारा. देवानं त्याला सूर दिला नव्हता हे बघून मला सेमिनरीत असताना थोडं बरं वाटायचं. इथं त्याच्या बेसुरावरसुद्धा माणसं जीव टाकत होती.

म्हणून मी ठरवलं होतं, एक पाडा तरी माझा व्हावा. खुटलपाडा मी निवडला. तिथला पहिला बाप्तिस्मा मी दिलेला, तिथल्या लहानू मास्तरला धर्मशिक्षण मी शिकवलेलं. ठेकेदाराची माणसं पाड्यानं राखलेला खैर चोरून तोडायला लागली, तेव्हा चार रात्री जागून मी वनखात्याला अर्ज लिहिला. झाडं मोजून, वाटांचा नकाशा काढून, खाली माझी सही करून. अर्ज लागू पडला. दोन ट्रक पकडले गेले. मला वाटलं, आता तरी!

जानेवारीत मी खुटलपाड्याला मिस्सा केली तेव्हा मला खोकला झाला होता. प्रवचनात तीनदा थांबावं लागलं. मिस्सा झाल्यावर मी जमनी म्हातारीच्या झोपडीत गेलो. ती अंथरुणाला खिळलेली होती. मी तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि पुन्हा खोकल्याची उबळ आली. तिनं माझ्याकडे बघत विचारलं, "धाकला फादर कदी येल?"

बस्स. अर्ज कुणी लिहिला, चार रात्री कोण जागलं, ते गेलं वाऱ्यावर.

आणि आता पेटी परत आली होती.

गाब्रू चारच्या सुमाराला दवाखान्यातून परतला. सायकल भिंतीला टेकवताना त्याला व्हरांड्यात पेटी दिसली. तो तिथंच थांबला.

"ही कधी आली?"

"दुपारी. तुझ्या भक्तांनी पाठवलीय," मी म्हटलं. "पाळी माझी आहे ना. मी त्यांना नकोय."

तो पेटीपाशी उकिडवा बसला. दोरीच्या गाठीवर त्यानं बोट फिरवलं, पण गाठ सोडली नाही. "कोण घेऊन आलं?"

"सुकरी."

"काही बोलली?"

"काय बोलणार? धाडली म्हणाली आणि गेली. तोंड दाखवायची लाज वाटली असेल."

तो फाटकाकडे बघत राहिला. ट्रक तोवर गेला होता. मग उठून म्हणाला, "इनास, उद्या मी जातो. जमनी आता फार दिवस काढायची नाही."

"जा की! तुलाच बोलावलंय. मी कशाला अडवू?"

"आणि तू उद्या घरीच थांब. कुठं बाहेर पडू नकोस."

मला वाटलं, हा मला डिवचतोय. म्हणजे मी घर राखायचं आणि ह्यानं ओवाळून घ्यायचं! मी आत गेलो आणि दार लोटून घेतलं.

दिवेलागणीला त्यानं दारावर टकटक केली. हातात स्टोल होता, आम्ही गळ्यात घालतो ती जांभळी पट्टी. पाप निवेदन करायचं असलं की आम्ही दोघं एकमेकांकडे जायचो. दुसरा फादर तीस मैलांत नव्हता.

"इनास, माझं पापनिवेदन ऐकतोस?"

पापनिवेदनाचा आमचा वार शनिवार. त्या दिवशी बुधवार होता. शहाण्या माणसानं तिथंच ओळखलं असतं. पण मी जळत होतो, आणि जळणाऱ्याला स्वतःच्या धुरापलीकडचं दिसत नाही. मी म्हटलं, "इतकी काय घाई आहे? उद्या आल्यावर ऐकतो."

त्यानं स्टोलची घडी घातली. "बरं," म्हणाला. मग हसला. "खोकला कसा आहे?"

"आहे," मी म्हटलं.

आमचं शेवटचं बोलणं ते.

सकाळी मी चर्चमध्ये मिस्सा करत असताना तो निघून गेला. परत येऊन बघतो तर पेटी व्हरांड्यातच! सुकरीनं जशी ठेवली होती तशी, दोरी बांधलेली. मला आधी नवल वाटलं आणि मग हसू फुटलं. धाकले फादर पेटी विसरले! आता खुटलपाड्याला पोचून करतील काय? चषक नाही, झगा नाही. सगळा पाडा नटूनथटून बसलेला, आणि ह्याच्या हातात भोपळा. एकदा तरी, मी म्हटलं, एकदा तरी ह्याची फजिती होऊ दे. त्या सकाळी मी चहाबरोबर दोन पाव जास्त खाल्ले. हे मला चौकशीत कुणी विचारलं नाही, पण इथं लिहून ठेवतो.

दुपार कलताना चौघांनी बाजेवर घालून त्याला आणलं.

पुढं लहानू मास्तर होता. त्याच्या सदऱ्यावर रक्त वाळलं होतं. बाज व्हरांड्यात ठेवून तो खाली बसला आणि जे घडलं ते त्यानं एका दमात सांगितलं. गाब्रू सकाळी पाड्यावर पोचला तेव्हा माणसं घाबरून गेली. मास्तर त्याला म्हणाला, परत फिर. तो म्हणाला, आधी जमनी. त्यानं खिशातून तेलाची कुपी आणि ख्रिस्तप्रसादाची डबी काढली, म्हातारीला अखेरचा संस्कार दिला, तिच्याजवळ बसून त्याच्या त्या बेसुऱ्या आवाजात एक गाणं म्हटलं. मग म्हणाला, मी वरच्या वाटेनं जातो, तुमच्यातलं कुणी माझ्यामागं येऊ नका. पण ओहोळावर ठेकेदाराची सहा माणसं होतीच. कपडे धुणाऱ्या बायकांनी करवंदीच्या जाळीमागून सगळं पाहिलं. त्या सहांतल्या एकानं कुऱ्हाड खांद्यावर टाकून विचारलं, "अर्जवाला फादर तूच का?"

"मग?" मी विचारलं.

"हां म्हणाला. मीच म्हणाला."

कोपऱ्यात कुणीतरी रडत होतं. मी बाजेकडे बघत होतो. गाब्रूला धड अर्ज लिहिता येत नसे. बिशपांना लिहायची पत्रंसुद्धा तो माझ्याकडून सुधारून घ्यायचा.

मग मास्तरनं मान वर केली. "फादर," तो म्हणाला, "त्यांनी तुला मारायचा बेत केलता. गुरुवारी तूच येणार हे त्यांना ठाऊक व्हतं. म्हणून आमी पेटी धाडली. वाटंत त्यांची माणसं बसलेली, म्हणून सुकरीला सांगितलं, तोंडातून शबूद काढू नको, नुसती पेटी ठेव. मोठा फादर शाना हाय, समजल." त्यानं व्हरांड्यात इकडंतिकडं पाहिलं. "पेटी पोचली नाय का, फादर?"

पेटी माझ्या खोलीत होती. सकाळी हसत हसत मीच ती आत नेऊन खाटेखाली सरकवली होती, गाब्रू शोधत आला तर जरा छळावं म्हणून.

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता: मग फादरला जाऊ कसा दिलास?

"नाही," मी म्हटलं. "पेटी नाही आली."

एका शब्दानं मी सुटलो, आणि सुकरी अडकली. ती म्हणत होती, मी दिली, मोठ्या फादरच्या म्होरं ठेवली. पण फादर कशाला खोटं बोलेल? पाड्यानं ठरवलं, ट्रकवाल्यांना बघून पोरगी भ्याली आणि पेटी रानात टाकून आली. पुढं तिला कुणी जोखमीचं काम सांगितलं नाही. नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडली आणि दुसरी बायको केली. दर वर्षी गाब्रूच्या स्मृतिदिनाला ती यायची आणि सगळ्यांच्या मागं, दाराबाहेर, चपलांपाशी बसायची. मी वेदीवरून तिला बघायचो आणि नजर वळवायचो.

माझ्या बदल्या होत गेल्या. प्रत्येक ठिकाणी माझ्या ट्रंकेबरोबर चादरीत गुंडाळलेलं एक बोचकं जायचं. ते मी कधी सोडलं नाही.

गाब्रू मात्र वाढत गेला. त्याच्या नावाची शाळा झाली, ओहोळावर क्रूस उभा राहिला. "फादर गाब्रूंनी जंगल वाचवण्यासाठी लिहिलेला अर्ज" असं त्याच्या चरित्राच्या पुस्तिकेत छापून आलं. माझा अर्ज! खाली माझी सही असलेला! तो मला भाषणांतून ऐकावा लागायचा आणि मी टाळ्या वाजवायचो. मला त्याच्या मरणाचासुद्धा हेवा वाटत होता. ते मरण माझ्या नावाचं होतं, माझ्या पाळीचं होतं. तेही त्यानंच नेलं.

गेल्या महिन्यात चौकशी समिती खुटलपाड्याला आली. आता तिथं कपेल आहे, छोटं चर्च, त्यात पंखे आहेत. मी एक्याऐंशी वर्षांचा. मला गाडीतून नेलं. बोचकं मी सोबत घेतलं होतं. का घेतलं ते माझं मलाच धड ठाऊक नव्हतं. तसं ते मी मागच्या दोन सुनावण्यांनाही नेलं होतं आणि न सोडता परत आणलं होतं.

समितीचे फादर रोशन तरुण, नीटस, प्रश्न विचारून झाला की पेन खाली ठेवणारे. लहानू मास्तर वारला होता. साक्षीला सुकरीला बोलावलं होतं. केस पांढरे, एका डोळ्यात फूल पडलेलं. खुर्चीवर बसायला ती तयार होईना. शेवटी काठावर टेकली.

"सुकरीबाई," फादर रोशन म्हणाले, "हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. पेटी पोचली असेल तर फादर गाब्रूंना धोका कळला होता असं म्हणता येईल. तुम्ही ती पेटी मिशनघरी पोचवली होती का?"

ती माझ्याकडे बघत होती. त्या एका डोळ्यात मी राग शोधत होतो. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"घाबरू नका. खरं काय ते सांगा."

"मोठा फादर म्हातारा झाला," ती हळूच म्हणाली. "आता त्याला कशाला तरास? तो सांगल तेच खरा."

अडतीस वर्षं जिनं माझ्या पापाचं ओझं वाहिलं, ती शेवटच्या पायरीवरही ते खाली ठेवायला तयार नव्हती. आणि मी ज्या माणसांची माया मिळत नाही म्हणून जन्मभर जळत आलो, त्यांपैकीच ती एक होती.

मी उठलो. गाडीतून बोचकं आणलं. टेबलावर ठेवून चादर सोडली.

आत ती सागवानी पेटी होती. मग सुकरी खुर्चीवरून उठली, जवळ आली आणि दोरीच्या गाठीवर तिनं हात ठेवला. "ही गाठ मी मारली," ती म्हणाली. "कुणी सोडलीच नाय."

"पेटी पोचली होती," मी म्हटलं. "ह्या बाईनं ती माझ्यासमोर ठेवली. मी खोटं बोललो. गाब्रूनं ती बघितली आणि तो समजला. मिस्सा करायला जाणारा फादर पेटीशिवाय जात नाही. तो मिस्सेला गेलाच नव्हता. आदल्या संध्याकाळी त्यानं माझ्याकडे पापनिवेदन मागितलं होतं. मी ऐकलं नाही. अर्ज माझा होता. त्याला सगळं ठाऊक होतं, फादर. सगळं ठाऊक असून गेला."

फादर रोशन लिहीत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी पेन खाली ठेवलं. "फादर इनास, इतकी वर्षं का सांगितलं नाहीत?"

"भीती होती," मी म्हटलं. "पण ती पहिली काही वर्षं. नंतर नुसता हेवा. हे सांगितलं असतं तर तो संत झाला असता."

"आणि आता?"

"अजून वाटतो."

त्यांनी मान खाली घातली. नोंदीसाठी पेटी उघडायला हवी होती. त्यांनी सुकरीला विचारलं, सोडता का? तिची बोटं वाकडी झाली होती, पण गाठ तिनं ओळखीनं सोडली. झाकण उघडलं तसा कुबट वास आला. सगळ्यांत वर, दुमडलेल्या झग्यावर, पळसाच्या पानाची पुडी होती. पान हात लावताच चुरलं. आत मूठभर हिरडे होते, काळे, सुरकुतलेले, टणक.

"हे काय?" फादर रोशननी विचारलं.

सुकरीला आठवायला वेळ लागला नाही. "जमनीनी दिलेले," ती म्हणाली. "मोठ्या फादरला खोकला व्हता ना. ती बोलली, याला आराम पडंपत्तुर धाकल्याला धाडा म्हणावं. आन् हे पेटीत घाला, याला चघळाया."

मी एक हिरडा उचलून तोंडात टाकला. अजून तुरट होता.

मग मी झगा उचलला, चषक बाजूला केला, तबक काढलं, पेटीच्या तळापर्यंत हात घालून पाहिलं. गाब्रूसाठी त्यांनी काहीही ठेवलं नव्हतं.